चौदा नंबरचा काजळ्या

त्या रविवारी गिरजानं आणि मी मिळून चाळीस जनावरं धुतली. गोचीड फार झाले होते आणि ते नेमके गळ्यातल्या पट्ट्याखाली बसत. गिरजा म्हणाली, पट्टे काढूनच धुवू. मी एकेक जनावर धरायचो. ती पट्टा सोडून बादलीत टाकायची आणि वरून औषधाचं पाणी ओतायची. सगळी धुऊन झाल्यावर मी बादलीतून एकेक पट्टा काढून दिला, ती गळ्यांत अडकवत गेली. दुपारी दोनला उरकलं. शेडच्या सावलीत बसून भाकरी आणि अंबाड्याची भाजी खाल्ली.

"तुमच्या अंगाला बोकडाचा वास यायलाय," ती म्हणाली.

"तुझ्या अंगाला काय अत्तराचा यायलाय व्हय?" मी म्हणालो.

बुधवारी ती गेली. डोकं दुखायलंय म्हणाली आणि बसल्या जागी कलंडली. गुलबर्ग्याला नेत होतो. हुमनाबादच्या पुढं जीपमध्येच संपलं. तिच्या जाण्याबद्दल इतकंच. मला सांगायचं आहे ते त्या पट्ट्यांचं.

मी धुळप्पा. मंठाळचा धनगर, शिक्षण चौथी. बापाची मेंढरं होती. माझ्या हातात येईस्तोवर चरायला माळ राहिले नाहीत, मेंढरं विकली. गिरजाला घेऊन पुण्याला गेलो, दहा वर्षं बिल्डिंगा बांधल्या. दुसऱ्यांच्या बिल्डिंगा. मग गावाकडून निरोप आला की गुलबर्ग्याच्या एका कंपनीनं मंठाळजवळ शेड टाकली आहे, शेळ्या-बोकडं सांभाळायला माणूस पाहिजे, नवरा-बायको असतील तर बरं. आम्ही दुसऱ्या दिवशी बोचकं बांधलं. कागदावर माझं पद होतं ॲनिमल अटेंडंट. गिरजाचं पद होतं हेल्पर. काम बघितलं तर उलटं लिहायला पाहिजे होतं.

गावातले लोक विचारायचे, कंपनी काय विकते? दूध का मटण? मी म्हणायचो, रक्त. मग पुढचं कोणी विचारत नसे.

पण खरंच रक्तच. ते कसं, ते मला विद्या मॅडमनी सांगितलं. मॅडम गुलबर्ग्याच्या लॅबमध्ये मोठ्या होत्या. मूळच्या औरादच्या, मास्तराची मुलगी. दर दुसऱ्या गुरुवारी जीपनं बर्फाची पेटी घेऊन यायच्या.

"धुळप्पा," त्या म्हणाल्या, "बाळ पोटात राहतं तेव्हा पहिले थोडे दिवस सगळ्या पेशी सारख्याच असतात. कोणी हाड व्हायचं, कोणी कातडं व्हायचं, काही ठरलेलं नसतं. त्यांना स्टेम सेल म्हणतात. त्या पेशीच्या आत एक प्रोटीन असतं. पेशीचं एकदा ठरलं, की ते प्रोटीन जातं. म्हणजे प्रोटीन दिसलं तर समजायचं, पेशी अजून कोरी आहे."

"मग बघायचं की."

"नुसतं बघून दिसत नाही ना. म्हणून तर तुमची बोकडं."

ते प्रोटीन थोडंसं घेऊन बोकडाला टोचायचं. बोकडाच्या अंगाला ते परकं वाटतं. मग अंग रक्तात अशी एक वस्तू तयार करतं, जी त्या प्रोटीनला ओळखते आणि जाऊन चिकटते. ती अँटीबॉडी. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचायचं, म्हणजे अंगाला विसर पडत नाही. त्याला बूस्टर म्हणतात. मग मानेच्या शिरेतून रक्त काढायचं. रक्त बाटलीत गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, ते सीरम. अँटीबॉडी त्यात असते. लॅबमध्ये काचेवर पेशी ठेवून त्यावर सीरम घालायचं, त्यावर हिरवा रंग घालायचा. रंग अँटीबॉडीला धरतो, अँटीबॉडी प्रोटीनला धरते. पेशी कोरी असेल तर हिरवी दिसते. नसेल तर काळोख.

हे मी घरी गिरजाला सांगितलं. ती चुलीपुढं होती. म्हणाली, "म्हंजे मेंढी वासावरनं आपलंच कोकरू धरती, दुसऱ्याला लाथ मारती, तसंच की." मॅडमला सांगितलं तर त्या हसल्या. पुढं बेंगळूरहून पाहुणे आले, तेव्हा त्यांनाही मॅडमनी मेंढी आणि कोकरूच सांगितलं.

सगळ्या जनावरांना हे जमत नाही. चाळिसातल्या आठांना हे स्टेम सेलचं प्रोटीन टोचलं होतं. सात जणांचं रक्त कोणत्याही पेशीला चिकटायचं, म्हणजे कामाचं नाही. कुणाच्याही कोकराला दूध पाजणाऱ्या मेंढीवरून कोकराची आई ओळखता येत नाही. एकाचंच रक्त नेमकं होतं. चौदा नंबर. काळा बोकड, डोळ्यांभोवती आणखी काळं. गिरजा त्याला काजळ्या म्हणायची.

परदेशच्या गिऱ्हाइकाला काजळ्याच्या रक्ताचा नमुना आवडला होता. त्यांनी मोठा लॉट मागवला. लॉट म्हणजे एकाच वेळी बनवलेला सगळा माल, आणि तो नमुन्यासारखाच पाहिजे. मॅडमची दोन वर्षं त्या एका बोकडात गेली होती. लॉट गेला तर शेड चालणार, नाहीतर कंपनीचे बेंगळूरचे साहेब कुलूप लावणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

आता गिरजाचं काम सांगतो. रक्त काढताना जनावर हललं तर शीर फाटते. दोन माणसं लागतात, तरी धडपड होते. गिरजानं काय केलं, रोज सकाळी प्रत्येकाच्या मानेवर तांब्याभर पाणी ओतायची, कपाळ आपल्या गुडघ्याला टेकवून घ्यायची आणि उभी राहायची. पहिले दहा दिवस तिलाच सगळी आंघोळ झाली. महिन्याभरात जनावरं अशी शिकली की मानेवर पाणी पडलं की दगडासारखी उभी. मॅडम एकट्या सुई घालायच्या. बेंगळूरच्या साहेबांनी विचारलं, हिला कुणी ट्रेनिंग दिलं? मॅडम म्हणाल्या, हिनंच आम्हाला दिलं.

गिरजाला आकडे वाचता येत नव्हते. पण मॅडमनी "चौदा" म्हटलं की ती काजळ्याला आणायची, "एकतीस" म्हटलं की पांढऱ्या खुराच्या दुसऱ्या काळ्याला. दोन वर्षं ऐकून ऐकून चाळीसही तिला पाठ होते. पट्ट्यावरचा पत्र्याचा बिल्ला तिला दागिन्यासारखा. खरं सांगायचं तर मलाही. आपल्या माणसाला आपण तोंडावरून ओळखतो, खिशातला कागद काढायला लावत नाही.

पंधराव्या दिवशी मी कामावर आलो. त्याच दिवशी मॅडम आल्या. गुरुवार नव्हता, बर्फाची पेटी नव्हती, आणि सोबत शेडचे मॅनेजर होते. मॅडमनी मला बसवलं, गिरजाबद्दल दोन शब्द बोलल्या, आणि मग त्यांना राहवलं नाही.

"धुळप्पा, चौदा नंबर मेला."

"मेला म्हंजे?"

"जिवंत आहे. रक्त मेलं. तुम्ही सुट्टीवर असताना काढलं. काहीच चमकत नाही. आधी वाटलं फ्रिज बिघडला. तसं नाही. मग वाटलं हिरवा रंग खराब. नवा मागवला. मग जुन्या बाटलीतलं सीरम घातलं तर लख्ख हिरवं. म्हणजे पेशी ठीक, रंग ठीक, मी ठीक. बोकड बिघडला. त्याला जरा आणा, बघू."

मी शेडात गेलो. काजळ्या नव्हता. पुन्हा बघितलं. गव्हाणीमागं बघितलं. तिसऱ्यांदा एकेक तोंड बघत गेलो, आणि बाहेर येऊन म्हणालो, "मॅडम, चौदा नंबर शेडात न्हाई."

मॅनेजर म्हणाले, "क्या धुळप्पा, डोळे घरी ठेवून आलास का? तो काय समोर." गव्हाणीशी एक बोकड पाला ओढत होता. गळ्यात बिल्ला, बिल्ल्यावर चौदा.

"ह्यो चौदा न्हाई," मी म्हणालो. "ह्याचे खूर बघा की. ह्यो एकतीस."

मॅडमनी बोकडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "आणि ती पलीकडची? सहा?"

"ती बावीस."

"तो?"

"अठरा."

"त्याच्या गळ्यात तीन आहे."

बादली डोळ्यांसमोर उभी राहिली. बादलीत चाळीस पट्टे, फेसाच्या पाण्यात. मी हात घालतोय, लागेल तो पट्टा देतोय, ती अडकवतेय.

मग तोंडातून निघून गेलं, "रविवारी जनावरं धुतली. पट्टे गिरजानं घातले."

मॅनेजर लगेच म्हणाले, "वा. मेलेल्या बाईवर टाकायलास व्हय?"

तो माणूस मला कधी आवडला नाही. पण ते बोलणं बरोबर होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "पट्टे मीच देत होतो. मला आकडे वाचता येतात, तिला येत नव्हते. मी एकदाबी बघितलं न्हाई. चूक माझी."

मॅडम खाटेवर बसल्या आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "म्हणजे चौदाचा बूस्टर एकतिसाला गेला. चौदाचं म्हणून एकतिसाचं रक्त काढलं. ठीक आहे, निस्तरता येईल. खरा चौदा कुठंय? त्याच्या गळ्यात कोणता नंबर होता?"

मी शेडातले आकडे मोजून आलो. चाळिसात एक कमी. नऊ नंबरचा पट्टा नव्हता.

आता मॅनेजरांनी कपाळाला हात लावला.

नऊ नंबर निकामी म्हणून मॅडमनीच यादीतून काढला होता. खरा नऊ समोर उभा होता, गळ्यात सत्तावीस घालून. पट्ट्यावर नऊ असलेला बोकड मॅनेजरांनी मागच्या बाजारात औरादला विकून टाकला होता.

"टोचलेलं जनावर विकायचं नाही असं कागदावर लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"कापायला विकायचं नाही असं आहे. मी पाळायला विकला."

"कुणाला?"

"खाजा भाईला."

मला हसू आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. खाजा भाई खाटकांना माल देणारा दलाल, जन्मात काही पाळायला घेत नाही. त्याला मांजर दिली तरी तो तिचं वजन बघेल.

मॅडम उठल्या. "जीप काढा."

"थांबा," मी म्हणालो. "घरावरनं जाऊ." घरी माझा एक तांबडा बोकड होता, वर्षाचा, अंगानं भरलेला. तो जीपमध्ये मागं बांधला. मॅडमनी विचारलं, हा कामून? मी म्हणालो, बोकड आणायला निघालोय, हात हलवत जाऊन कोण देणार?

भालकीवरून औरादला पोचेस्तोवर दुपार झाली. रस्त्यात मॅनेजर एक शब्द बोलले नाहीत. तांबडा मात्र सारखा बोलत होता आणि मॅनेजरांच्या कॉलरला तोंड घालत होता. मी त्याला आवरलं नाही.

खाजा भाई बाजाराच्या कडेला चहा पीत बसला होता. मी विचारलं, नऊ नंबरचा पट्टा होता, डोळ्याला काजळ.

"वो काजल लगाया सो बकरा? हौ. व्यंकटराव लेको गए. बेटे का जावळ है बोलके."

"कधी?"

"आजइच है मामू. अब्बी तक तो हंडी चढ गई होंगी."

मॅडम जीपमध्ये जाऊन बसल्यासुद्धा. व्यंकटरावांचं गाव औरादपासून जवळच. मॅडम त्या वाटेवर लहानपणी चालत जायच्या म्हणे. आज त्या ड्रायव्हरला म्हणत होत्या, अजून जोरात, अजून जोरात. मी मनात म्हणत होतो की आता पोचून काय, ताटात ओळखायचं?

गावाबाहेर लक्ष्मीआईचं ठाणं आहे, लिंबाखाली. शंभरेक माणूस जमलेलं. पण वाजवणारे हलगी मांडीवर ठेवून बिड्या ओढत होते. आचारी कांद्याच्या ढिगाजवळ उकिडवा बसून होता. चुलीवरच्या हंड्यात पाणी उकळून उकळून निम्मं झालं होतं. आणि मधोमध काजळ्या उभा. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू, अंगातून पाणी निथळतंय. दगडासारखा उभा.

मला एका क्षणात सगळं कळलं.

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं देवीला बोकड द्यायचा तर आधी त्याच्या अंगावर पाणी ओततात. बोकडानं अंग झाडलं, थरथरला, की देवीनं कौल दिला. नाही थरथरला तर देवी घेत नाही. मग पुन्हा ओतायचं, चुकलं-माकलं म्हणायचं, वाट बघायची. कौलाशिवाय कोणी सुरी उचलत नाही.

"सकाळधरनं अकरा तांबे वतलेत," एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून बोलत होती. व्यंकटरावांची आई. नवस तिचा, नातू तिच्या कडेवर. पोराचं अर्धं डोकं भादरलेलं, अर्धं तसंच. न्हावीसुद्धा अडकून बसला होता.

घरातला एक जावई म्हणाला, "आजी, नवसात काय कमी-जास्त बोलला असताल. आठवा."

"मी काय बी कमी बोलले न्हाई. तूच पहाटे चप्पल घालून आलतास हितं."

"पाणी गार पाहिजे, गार. हे कोमट झालंय."

"बर्फ आणू का मग?"

मी पुढं झालो. काजळ्यानं मला बघितलं. चालत आला, माळ ओढत, आणि कपाळ माझ्या गुडघ्याला टेकवून उभा राहिला.

"कोण रे तू?" म्हातारीनं विचारलं.

"मंठाळचा धनगर. जनावर आमचं हाय, अक्का. चुकून विकलं गेलं."

"चुकून? आमी पैसे मोजून घेतलंय. वर देवीचं नाव घेतलंय. आता ते तुजं न्हाई, माजंबी न्हाई."

यात ती चुकत नव्हती. देवीचं नाव घेतलेलं जनावर मी मागणार नव्हतो. कुठल्या तोंडानं मागू? मॅडम मागून कुजबुजत होत्या, सांगा धुळप्पा, काहीतरी सांगा. म्हटलं तर मला गप्प बसता आलं असतं. देवी नाही म्हणते, बाराव्या तांब्यालाही नाही म्हणेल, मग आपोआप बोकड परत मिळेल. पण काजळ्या कशानं हलत नाही ते मला माहीत होतं. ते न सांगता त्याला नेणं म्हणजे देवीच्या दारातून चोरून नेणं.

"अक्का," मी म्हणालो, "त्यो थरथरणार न्हाई. शंभर तांबे वता. मानेवर पाणी पडलं की हलायचं न्हाई असं त्याला शिकवलंय. त्याच्या मानेतनं सुईनं रक्त काढतात. हितं बघा." मी मानेचे केस बाजूला केले. शिरेवर टोचल्याचे बारीक डाग होते, रांगेत. पाठीवर टोचलेल्या औषधाच्या गाठी हाताला लागत होत्या. "सुया टोचलेलं जनावर हाय. खायालाबी चांगलं न्हाई. देवीला चालतं का ते तुमी बघा."

गलका झाला. जावई म्हणाला, खाजाला धरून आणा. कोणी म्हणालं, ह्यो बोकड न्यायला आलाय म्हणून बनवून सांगायलाय. म्हातारीनं हात वर केला. काजळ्याच्या मानेवरून बोटं फिरवली, पाठीवरच्या गाठी चाचपल्या. मग मला म्हणाली, "असं कुणी शिकवलं ह्याला? तू?"

"माझ्या बायकोनं."

"तिला बोलीव. ती सांगू दे."

"ती गेली. पंधरा दिस झाले."

कडेवरचं पोर म्हातारीच्या नथीला हात घालत होतं, तो हात तिनं बाजूला केला.

"म्हंजे देवीच्या दारात अकरा तांबे त्याला तिनंच उभं करून ठेवलंय," ती म्हणाली. मग वळून घरच्यांना, "ह्याला माळ काढा. देवीनं न्हाई म्हणलंय, ह्याच्यापरीस सरळ कसं सांगंल? पर आता मी दुसरा बोकड कुठनं आणू?"

मी जीपकडं गेलो. तांबड्याला आणला. त्याला कुंकू लावलं, आणि म्हातारीनं तांब्या नुसता वर उचलला. पाणी पडायच्या आधीच तांबडा नखशिखांत थरथरला. हलग्या वाजल्या. न्हाव्यानं वस्तरा उचलला. आचारी सगळ्यांच्या आधी उठला.

तांबडा मी लहानपणापासून बाटलीनं वाढवला होता. त्याच्याकडं फार बघितलं नाही.

म्हातारीनं जेवायला थांबायचा आग्रह केला. मॅडम म्हणाल्या, नाही जमणार, याचं रक्त आजच काढायचंय. म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "ही बाई मला देवीपरीस अवघड वाटायलीय." पण पुरणाच्या चार पोळ्या बांधून दिल्या. त्यातल्या दोन मॅनेजरांनी खाल्ल्या.

संध्याकाळी मंठाळला मॅडमनी रक्त काढलं. मी तांब्याभर पाणी ओतलं, काजळ्या उभा राहिला. दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला, गुलबर्ग्याला या. दोन वर्षांत मी लॅबच्या आत कधी गेलो नव्हतो. बाहेर चपला काढल्या, त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या पायांत घालायला दिल्या. खोलीत अंधार केला.

"एक डोळा मिटा. बघा."

मी बघितलं. काळंभोर रान आणि त्यात हिरवे दाणे. हरभऱ्याच्या सोलाण्यासारखे, ओले, गच्च. प्रत्येक दाण्याच्या कडेला थोडा अंधार आणि मधोमध हिरवं.

"हे काजळ्याचं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली. मग काच बदलली. "या ठरून गेलेल्या पेशी. यांच्यात ते प्रोटीन नाही. सीरम तेच."

नुसता काळोख.

"कुणाच्याही कोकराला पाजत न्हाई," मी म्हणालो.

"नाही. एकालाच."

लॉट गेला. नमुन्याला जुळला. शेडला कुलूप लागलं नाही. मॅनेजरांनी बेंगळूरला जो कागद पाठवला त्यात माझी चूक होती, त्यांची नव्हती. मॅडमनी त्याखाली आपल्या हातानं चार ओळी लिहून दोघांच्याही चुका नीट मांडल्या. माझा पगार कापला नाही. मॅनेजरांची बदली झाली, पण ती बढतीवर. अशी माणसं पाण्यात टाकली तरी कोरडीच निघतात.

आता यातून काय शिकायचं ते सांगतो, कारण शहाणी माणसं शेवटी तेच विचारतात. तोंडावरून ओळखणं चांगलं, पण ती ओळख माणसाच्या डोक्यात असते. माणूस बुधवारी जातं आणि ओळख सोबत नेतं. म्हणून लिहून ठेवावं, आणि सुटणार नाही असं लिहावं.

गुलबर्ग्याहून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी शेडात गेलो. मॅडम सातला आल्या, कानात बिल्ला ठोकायचा चिमटा आणि नवे बिल्ले घेऊन. हे बिल्ले निघत नाहीत. त्या रजिस्टर घेऊन खाटेवर बसल्या. मी एकेक जनावर पायांत धरायचो, तोंड बघायचो, नंबर सांगायचो, कानाला स्पिरिट लावून चिमटा दाबायचो. मॅडम रजिस्टरात खूण करायच्या. बारा. तीन. एकतीस. काजळ्याला चौदा ठोकला तेव्हा त्यानं मान हलवली, एवढंच. अकरापर्यंत अडतीस झाले.

दोन शेळ्या उरल्या. दोघी तपकिरी, दोघींच्या गळ्याखाली लोंबते लोलक, दोघी एकाच बाजारातून आणलेल्या. एक सात होती आणि एक पंचवीस. मी दोघींना शेजारी शेजारी उभं केलं. चालवून बघितलं. पाला टाकून बघितला. मला येईना. त्या दोघींना गिरजाच आणायची.

"अंदाजानं सांगा," मॅडम म्हणाल्या. "दोघींपैकी एकच तर चुकेल."

"चुकल्या तर दोघीबी चुकतील, मॅडम."

मॅडमनी रजिस्टरात सातवर आणि पंचविसावर आडवी रेघ मारली. दोघींना नवे नंबर दिले, एकेचाळीस आणि बेचाळीस. मी ते ठोकले, चिमटा पुसला आणि पाणी पाजायला दावी सोडली.